पिकअपला मापाचा सदरा

खोली बघायला गेलो तेव्हा मॅडमनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. दारातच मला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हा शर्ट कोनं शिवला?"

म्हटलं, अकोल्याला, आमच्या गल्लीतल्या टेलरनं.

"डावा खांदा उतरला आहे. काढ."

आता मी विम्याच्या ऑफिसातला माणूस, बदलीवर अमरावतीत नवा आलेला, हातात बॅग. पण त्या आवाजापुढं बॅग खाली ठेवली आणि शर्ट काढला. परक्या बाईच्या ओट्यावर बनियनवर बसलो, आणि गळ्यातल्या काळ्या दोरीला बांधलेल्या छोट्या कात्रीनं त्यांनी माझा खांदा एकेक टाका काढत उसवला. परत शिवून दिला आणि शर्टासोबतच वरच्या खोलीची किल्ली दिली. तो शर्ट आता फरशी पुसायच्याही लायकीचा उरला नाही, पण खांदा अजून जागेवर आहे.

मॅडम आयटीआयमध्ये कटिंग-शिवण शिकवायच्या. नोकरी संपली तरी गल्लीनं 'मॅडम' सोडलं नाही आणि मॅडमनी शिकवणं सोडलं नाही. उंचीनं एवढ्याशा, की गॅलरीतून मला फक्त पांढरा अंबाडा चाललेला दिसायचा. आवाज मात्र असा की चौकातला ऑटोवाला वळून बघायचा. एकट्या राहायच्या. का, हे विचारायची गल्लीत कोणाची टाप नव्हती, माझी तर नाहीच नाही.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान दोन शब्दांत बसायचं. चुकलं? उसव.

हे फक्त कापडापुरतं असतं तर मी एक अक्षर बोललो नसतो. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीनं स्वतःच्या लग्नाचा ब्लाउज शिवून दाखवायला आणला. लग्न दुसऱ्या दिवशी. मॅडमनी बाही उलटी करून बघितली आणि कात्री तिच्या हातात दिली. पोरगी रडली, तिची आई माझ्याकडे आली की तुम्ही जरा सांगा. मी काय सांगणार? मॅडम तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या, पोरीनं रडत रडत उसवलं, हसत हसत शिवलं आणि तोच ब्लाउज घालून बोहल्यावर उभी राहिली. ते ठीक. पण त्यांनी अंगणातली नवी फरशीही उखडायला लावली होती, कारण पाणी फाटकाकडं न जाता भिंतीकडं जायचं. मी एकदा पिठलं केलं, त्यात गुठळ्या झाल्या, तर खाली बसून चाळणीनं गाळायला लावलं. म्हणाल्या, "उसवाले लाजाचं नाही. लाजून अंगात घातलेलं कापड दिवसभर टोचते." पहिलं वर्षभर मला ही बाई मनापासून आवडली नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. त्यावर त्या म्हणाल्या होत्या की मलाही तू आवडत नव्हता, पण खांदा नीट बसल्यावर जरा बरा दिसाले लागला.

त्यांना सगळ्या जगात एकच माणूस बिनचूक वाटायचा, तो म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. गल्लीत सगळे त्यांना दादाच म्हणायचे. अचलपूरकडं त्यांची काळ्या मातीची शेती आणि संत्र्याची बाग. दादा म्हणजे उंच, वाळके, मान लांब, डोक्यावर कडक पांढरी टोपी, आणि बोलणं इतकं कमी की दोघं एकाच आईची लेकरं आहेत यावर विश्वास बसू नये. दर आठवड्याला ते त्यांच्या जुन्या पिकअपमधून अमरावतीला यायचे. गाडी माझ्याहून वयानं मोठी. गोल नाक, वाटीसारखे दिवे, समोर सपाट काचेचे दोन तुकडे. हॉर्न ऐकला की मॅडम हातातलं काम टाकून फाटक उघडायला धावायच्या. इतर कोणासाठीही त्या धावलेल्या मी पाहिल्या नाहीत.

याच गाडीवर दादांनी बहिणीला गाडी शिकवली होती. मॅडम ते सांगताना नेहमी उभ्या राहून सांगायच्या. "आमच्या घरान्यात बाईनं बैलगाडीचा कासरा धरला नव्हता. आन् दादानं माह्या हातात स्टेरिंग देलं. बुडाखाली दोन उशा ठेवल्या, म्हने, आता तुले रस्ता दिसते. चालव." घरात मोठा तमाशा झाला. दादा म्हणे एवढंच बोलले की उद्याही शिकवणार आहे. मॅडम पुढं आयटीआयला लागल्या, एकट्या शहरात राहिल्या, या सगळ्याची सुरुवात त्या दोन उशांपासून होते असं त्यांचं ठाम म्हणणं होतं.

मग एका वैशाखात ते वादळ आलं.

दादा बागेतून परत येत होते. वारा सुटला म्हणून बांधावरच्या जुन्या कडुनिंबाखाली गाडी लावली. हातातली चुन्याची डबी खाली पडली, ती उचलायला वाकले, आणि तेवढ्यात वरची फांदी मोडून गाडीच्या टपावर आली. टप म्हणजे गाडीचं छप्पर, आमच्याकडं तोच शब्द. टप पेलणारे समोरचे खांब वरच्या टोकाशी वाकले, टप खाली आला आणि दादांच्या पाठीच्या जरासा वर थांबला. वाकले होते म्हणून वाचले. अंगाला ओरखडाही नाही. पण दारं अडकली होती. लोक येऊन फांदी हटवेपर्यंत दादा तसेच वाकून बसून होते, आणि फांदी वर करकरत होती.

बाहेर आले, पाणी प्याले, हसले सुद्धा. पण त्या दिवसापासून त्यांना डोक्यावर काही सोसेना. घरात झोपेनात, बाज अंगणात टाकली. पाऊस आला तर अंगावर ताडपत्री, थंडी पडली तर गोधड्या, पण बाहेरच. बागेत जाणं बंद, कारण बागेचा रस्ता झाडांखालून. इतकी वर्षं एकेका झाडाशी बोलणारा माणूस बांधावर उन्हात उभा राहून गड्यांना हातानं सांगायचा, तिकडं जा, इकडं जा. अमरावतीला आले तर बसमध्ये दाराच्या पायरीवर उभं राहून यायचे, कंडक्टरच्या शिव्या खात. मॅडमच्या ओट्यावरही बसेनात, कारण वर छज्जा. अंगणाच्या मधोमध ताट घेऊन उन्हात जेवायचे. मी एकदा गॅलरीतून खाली पाहिलं तर घास हातात धरून ते वर बघत होते, माझ्या गॅलरीकडं. मला तिथून बाजूला व्हावं लागलं.

मॅडमनी त्यांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड बोलले. दादांनी गोळ्या घेतल्या आणि बाज अंगणातच ठेवली. एकदा मॅडमनी चिडून विचारलं, काहून असं करून राहिला तू, पडली ती फांदी, झालं ते झालं, आता काय? बहिणीला दादा मायच म्हणत. त्यांनी आधी वर बघून घेतलं. मग म्हणाले, "जे पडलं त्याचं काही नाही माय. जे पडाचं राह्यलं, त्याचा भेव वाटते."

  भाऊ डोळ्यांदेखत आटत चालला होता, आणि ज्या बाईनं आयुष्यभर सगळं उसवून नीट केलं तिला इथं टोक सापडत नव्हतं.

टोक त्यांना सापडलं भंगारवाल्यामुळं. दादांनी गाडी भंगारात काढायचं ठरवलं, तेव्हा मॅडम गावी गेल्या होत्या. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि त्यांना दिसलं की खराबी फक्त वरच्या चार-पाच बोटांत आहे. खांबांची वरची टोकं वाकली आहेत, खालचे खांब सरळ आहेत. बाही मनगटाशी फाटली तर आपण सदरा फेकतो का? फाटका भाग कापायचा, बाही आखूड करायची. भंगारवाल्याला वाटेला लावलं, दादांना सांगितलं की गाडी विकली, आणि मोठ्या ट्रकवर चढवून ती अमरावतीला आणली. अंगणात जिथं माझी स्कूटर उभी राहायची, बरोबर तिथं. मी तक्रार केली. मॅडम म्हणाल्या, स्कूटरले काय झालं, तिले टप नाही.

इथं कोणी म्हणेल, बाईला गाडीचा टप कापता येतो का? येत नव्हता. पण मॅडमना येत नाही आणि मॅडम करणार नाहीत या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आयटीआयमध्ये त्यांच्या वर्गासमोरच वेल्डिंगची शेड होती. नोकरीत असताना मधल्या सुट्टीत त्या तिथं जाऊन उभ्या राहायच्या, आणि एक दिवस तिथल्या सरांच्या हातून त्यांनी वेल्डिंगची कांडी धरायचा होल्डर काढूनच घेतला होता. "हे बी शिलाईच आहे," त्या म्हणायच्या, "फक्त दोरा तापलेला आहे." आता पुन्हा त्या शेडमध्ये हजर. सरांनी आधी हसून पाहिलं, मग रागावून पाहिलं, शेवटी जुना चामड्याचा एप्रन आणि काळी काच लावलेला मुखवटा देऊन टाकला.

मोबाईलवर परदेशातली माणसं जुन्या पिकअपचे टप कापून गाड्या ठेंगण्या करताना दिसतात, हौसेखातर, देखण्या दिसाव्यात म्हणून. मॅडम ते व्हिडिओ आवाज बंद करून बघायच्या. बोलणं काय ऐकाचं, हात पाह्याचे, असं त्यांचं म्हणणं. आणि बघता बघता त्या गोऱ्यांना रागवायच्या की ह्यानं मापच घेतलं नाही, हा अंदाजानं कापून राहिला.

मॅडमनी अंदाजानं काही केलं नाही. खाकी कागदावर चारही खांबांची कटिंग काढली. पत्र्यावर निळ्या शिवणखडूनं रेघा मारल्या. पदर खोचून, वर एप्रन बांधून, ग्राइंडर हातात घेऊन त्या पहिल्या खांबाला भिडल्या तेव्हा गल्लीतल्या सगळ्या गच्च्या भरल्या होत्या. शेजारचे काका, बडनेऱ्याला रेल्वेत होते, त्यांनी जॅक दिला आणि सोबत सल्लाही दिला की आरटीओला कळलं तर गाडीसकट तुम्हाला नेतील. मॅडमनी ग्राइंडर थांबवून सांगितलं की रस्त्यावर नेतं कोण? ही गाडी वावरातल्या वावरात चालणार, घरापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून बागेपर्यंत. मोजायला आरटीओ आले तर त्यांनाही एक पायजमा बेतून देईन. काका घरात गेले.

टप सुटला, उचलून बाजूला ठेवला, खांबांचे वाकडे तुकडे काढले आणि टप परत वर ठेवला तर तो बसेना. खांब वर जाताना आत झुकलेले असतात. मधला तुकडा काढला की वरचा टप खालच्या खांबांपर्यंत पोचत नाही, आखूड पडतो. मी म्हटलं, झालं, आता भंगार. मॅडम मात्र खूश. "तंग झालं," म्हणाल्या, "कळी घाला लागन." कुर्त्याला काखेत कळी घालतात तशी त्यांनी टपाला घातली: टप मधोमध कापला आणि धान्याच्या जुन्या कोठीचा पत्रा पट्टी करून मध्ये जोडला. आधी लांब लांब ठिपके, त्याला त्या धावदोरा म्हणायच्या, आणि मग पक्की टीप. उजवीकडचा एक सांधा सरकला. अख्खी दुपार घालून केलेला तो सांधा, मला तर दिसतही नव्हता. मॅडमनी बोट फिरवलं आणि ग्राइंडर उचलला. मी वैतागून म्हटलं, कोण बघणार आहे तिथं? तर म्हणाल्या, "मी पाहून राहिली ना."

आता मापाचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच अडणार होतं.

दर दिवाळीला मॅडम दादांसाठी सदरा शिवायच्या, आणि त्यासाठी दादांचा एक जुना सदरा त्यांच्या कपाटात कायमचा असे, मापाचा म्हणून. टेलरची पायरी चढलेल्या कोणालाही हे माहीत आहे. अंगावर नीट बसलेला जुना कपडा द्यायचा, त्यावरून नवा बेततात, माणूस समोर लागत नाही. इथंही माणूस समोर आणायची सोय नव्हती; या महिन्यांत दादा अमरावतीला येऊ नयेत म्हणून मॅडमच दर आठवड्याला गावी जाऊन येत. दादांना गाडीचा पत्ता लागला असता तर ते स्वतः भंगारवाल्याला घेऊन आले असते. म्हणून मॅडमनी तो मापाचा सदरा काढला, चिंध्या भरून फुगवला, बटणं लावली आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसवला. बाह्या पुढं घेऊन स्टेअरिंगला सुतळीनं बांधल्या. कित्येक आठवडे तो सदरा तिथं गाडी चालवत बसून होता. पहिल्या दिवशी दूधवाला दचकला, नंतर त्याला नमस्कार करायला लागला.

कोपर दाराला लागतं का, पाठ किती टेकते, हात किती लांबतो, सगळं मॅडमनी त्या सदऱ्यावरून टेप लावून बेतलं. आणि कॉलरच्या वर एक वीत सोडली. म्हणाल्या, एवढ्यात कोणाचंही डोक्शं बसते. मलाही ते पटलं. टप पक्का झाल्यावर मी एकदा सदरा बाजूला करून आत बसून पाहिलं. मी काही उंच नाही, तरी माझे केस टपाला लागतायत असं मला वाटलं. तसं बोललो. मॅडमनी मला हाताला धरून उतरवलं. "तुह्या मापानं शिवली नाही," म्हणाल्या.

समोरची काचही आता आखूड लागणार होती, त्यासाठी आम्ही अकोल्याला गेलो. अकोल्यात माझ्या ओळखीचा एक जुना काचवाला होता. त्यानं खाकी कागदावरून दोन सपाट तुकडे कापून दिले. येताना पॅसेंजरमध्ये ते गोधडीत गुंडाळून आमच्या दोघांच्या मध्ये उभे धरले होते. एका गृहस्थाला मॅडमनी सांगितलं की टेकू नका, काच आहे. तो टेकला. मॅडमनी त्याला उठवलं आणि मूर्तिजापूरपर्यंत उभा ठेवला, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत सगळ्या डब्याला सांगितलं की ही काच कोणासाठी आहे. दादांची सगळी गोष्ट. डब्यात कोणी हसलं नाही. तो गृहस्थच उतरताना म्हणाला, सांभाळून न्या बाई. बडनेऱ्याला आम्ही उतरलो. ऑटोत म्हणाल्या, "नाहीच बसला तं काय करावं रे?" मी म्हटलं, बसतील. मला खात्री मुळीच नव्हती.

वादळानंतरची दुसरी भाऊबीज आली. दादा बसच्या पायरीवरून उतरून दुपारी आले. अंगणात, उघड्या आभाळाखाली पाट मांडला होता. पलीकडं ताडपत्रीखाली काहीतरी मोठं झाकलेलं, पण दादांचं लक्ष तिकडं गेलं नाही, ते पाटावर बसायच्या आधी वर बघून घेत होते. मॅडमनी ओवाळलं. नवा सदरा पुढं ठेवला. दादांनी ओवाळणीसाठी खिशात हात घातला, तर मॅडमनी तो हात धरला.

"पैसे नको. ओवाळनीत एकच दे. तिकडं बस."

आणि ताडपत्री ओढली.

बाटलीच्या हिरव्या रंगात, गोल नाक चकचकीत करून, ती गाडी उभी होती. ठेंगणी, रुंद, थोडी आगाऊ दिसणारी. मला स्वतःला ती फार देखणी वाटली, अजून वाटते. दादा उठले. दिव्यावर हात ठेवला, मग मडगार्डवर. इकली म्हनली होती तू, एवढंच बोलले. हात फिरवत फिरवत दारापर्यंत आले, आणि मग त्यांना टप दिसला. किती खाली आला आहे ते दिसलं. ते दोन पावलं मागं सरले. कपाळावर घाम आला. नाही माय, मले जमत नाही, म्हणाले.

मॅडम हातातलं ओवाळणीचं ताट तसंच धरून उभ्या राहिल्या. निरांजन जळत होतं. भाऊबीजेला बहिणीनं मागितलेलं नाकारायचं म्हणजे काय, हे आमच्याकडं कोणाला सांगावं लागत नाही. दादांनी ताटाकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं, दार उघडलं. एक पाय आत. दोन्ही हातांनी चौकट धरली. डोळे मिटले आणि बसले.

कोपर दाराशी बरोबर आलं. पाठ बरोबर टेकली. हात स्टेअरिंगवर असे पडले की त्या सदऱ्याचीच आठवण झाली. आणि टोपी टपाला जाऊन दाबली.

कॉलरच्या खाली सूतभर चूक नव्हती. पण कॉलरच्या वरचं माणूस मॅडमनी जन्मात कधी मापलंच नव्हतं. चिंध्यांचा सदरा सीटवर दबून खाली बसला होता, दादांची मान लांब, आणि सोडलेली वीत होती ती मॅडमच्या एवढ्याशा हाताची. दादांनी मान डावीकडं केली, टोपी घासली. उजवीकडं केली, घासली. मी ओट्यावरून खाली उतरलो. ज्या माणसाला डोक्यावर आभाळाखेरीज काही चालत नव्हतं, त्याच्या डोक्यावर आम्ही पत्रा टेकवून ठेवला होता.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. ताट खाली ठेवलं. हात गळ्यातल्या कात्रीकडं गेला, जसा काही ती लोखंडाला चालणार होती. "उतर दादा," त्या म्हणाल्या, आणि इतका लहान आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. "चुकलं माह्यं. सीट खालून उसवून टाकीन. चार बोटं खाली घेईन. तू उतर."

दादा उतरले नाहीत. त्यांनी डोळे उघडले. एक हात वर नेला आणि टोपी आणि टप यांच्या मधे बोटं घालून पाहिली. गेली नाहीत. एकच बोट घालून पाहिलं. तेही गेलं नाही.  मग हात खाली आला.

"थांब माय," म्हणाले. "आता हे पडन तं कुठून पडन? पडाले जागाच नाही ठेवली तुनं."

त्यांनी दार स्वतः लावून घेतलं. किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली, चालू झाली. दादांनी ती फाटकापर्यंत नेली, थांबवली, मागं आणली. पुन्हा नेली, पुन्हा आणली. मान थोडी पुढं वाकलेली, टोपी टपाला लागलेली, आणि तोंडावर असं हसू की शेजारचे काका गच्चीवरून टाळ्या वाजवायला लागले. खिडकीतून डोकं बाहेर काढून दादांनी बहिणीला बजावलं की सीटले हात नको लावजो.

गाडी पुढं ट्रकवर चढून वावरात गेली, आणि आज तिथंच आहे. दादा रोज तिच्यात बसून निंबाच्या बाजूनं बागेत जातात. बाज घरात गेली. अमरावतीला येतात तेव्हा बसमध्ये सीटवर बसून येतात, आणि त्यांच्या प्रत्येक टोपीच्या माथ्यावर एक काळपट डाग असतो, तो मॅडम धुऊन देतात. आता मी बदली होऊन परत अकोल्याला आलो, पण भाऊबीजेच्या दुपारी अजून अमरावतीला जातो. त्या टपाचं काम बघायचं म्हणून वेल्डिंगचे सर एकदा वावरात जाऊन आले होते. मॅडमना म्हणाले, काम फक्कड आहे, फक्त उंची जरा कमी पडली, कधीही दुरुस्त होईल. मॅडमनी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. गाडी अंगणात पुढं मागं होत होती आणि मी मॅडमच्या शेजारी येऊन उभा राहिलो होतो. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पुसायचं भानही नव्हतं. अशा वेळी मला उगाच टोमणे सुचतात. मी म्हटलं, "मॅडम, चुकलं ना? मग उसवा."

"तू चूप बैस," मॅडम म्हणाल्या, आणि कात्री पदराआड सारली.